आठ मेचं फूल

“तो फुलाचा कागद साहेबाला दावा, मास्तर,” सुंदरम्मा म्हणाली. “त्यावर गाव, तारीख समदं हाय की.”

वेणीमाधव मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आठ मेला सोलापुरात दंगा उसळला, आणि दगडफेकीसाठी धरलं कुणाला, तर शाळेच्या बागेतल्या सिद्धप्पा माळ्याला. सुंदरम्माच्या नवऱ्याला. दोन शिपायांनी त्याला चौकीपुढं पाहिल्याचं शपथेवर सांगितलं होतं. शाबीत झालं तर दोन वर्षं सक्तमजुरी. आणि सिद्धप्पा त्या दिवशी गावात नव्हताच. पहाटे निघून तो मास्तरांसाठीच अक्कलकोटला गेला होता. तिथल्या एका बागेत मे फ्लॉवरचा कांदा होता. वर्षातून एकदा फुलणारं ते तांबडं, चेंडूसारखं फूल त्यानं ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं. पण अक्कलकोटात त्याला ओळखणारं कोण होतं? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

कागद मात्र होता. फुलं-पानं दाबून, वाळवून जाड कागदावर चिकटवायचा मास्तरांना नाद होता. कोपऱ्यात चिठ्ठी, मोत्यासारख्या अक्षरात. असे दोनशे कागद त्यांनी पुण्याच्या एका कॉलेजात पाठवले होते, आणि तिथून त्यांना शाबासकीची पत्रं येत. या कागदावर तर हेडमास्तरांची तारखेनिशी सहीही होती, सिद्धप्पाला धरायच्या आधीची.

मास्तर पोलीस कचेरीत शिरले ते तणतणतच. गरिबाला वाली नाही म्हणून वाटेल त्याला आत टाकाल काय, असं त्यांनी अंमलदारांना तोंडावर विचारलं. जन्मात ते इतक्या मोठ्यानं कुणाशी बोलले नव्हते. दाराशी उभ्या असलेल्या सुंदरम्माला धीर आला. मास्तरांनी कागद टेबलावर ठेवला. पुरावा हवा होता ना, मग हा घ्या, म्हणाले.

अंमलदारांनी चिठ्ठी सावकाश मोठ्यानं वाचली. मे फ्लॉवर. ठिकाण अक्कलकोट. तारीख आठ मे. मग त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

“संग्राहक, वेणीमाधव मास्तर. म्हणजे फूल तुम्ही तोडून आणलंत. यात माळी कुठं आहे?”

मास्तरांनी कागद ओढून घेतला. खरंच तसं लिहिलं होतं. दोनशेच्या दोनशे कागदांवर तसंच लिहिलं होतं. काटे सिद्धप्पाला टोचायचे, ऊन सिद्धप्पाला लागायचं आणि नाव मास्तरांचं व्हायचं. एवढ्या वर्षांत या भल्या माणसाला त्याची लाज वाटली नाही, कारण ती गोष्ट कधी त्याच्या मनातच आली नाही.

त्यांनी तिथल्या तिथं कबूल केलं. फुलं तो आणतो, नाव मी घालतो, हवं तर पुण्याला कळवा, असं ते भर कचेरीत बोलले. आता आवाज मोठा नव्हता.

अंमलदारांनी कागद परत घेऊन फायलीत घातला.

“मास्तर, हा कागद माळ्याला धरायच्या आधीचा आहे. आज तुम्ही त्याला सोडवायला आलात, म्हणून वेगळं बोलताय. पण त्या दिवशी खोटं लिहायचं तुम्हाला काय कारण होतं?”

सुंदरम्मा दारातून पुढं आली.

“सांगा की, मास्तर,” ती म्हणाली.