निवडलेले

प्युरिटन या कडव्या ख्रिस्ती पंथाच्या त्या गावात आई चर्चची सभासद झाल्याशिवाय लेकराला बाप्तिस्मा मिळत नसे; आणि देवाने तारणासाठी आपल्याला निवडलंय हे पंचांना पटवल्याशिवाय सभासद होता येत नसे. म्हणून तीन वर्षांपूर्वी मेहिटेबल चर्चच्या सात पंचांपुढे उभी राहिली आणि "देवाने मला निवडलंय," असं ठामपणे म्हणाली. "एवढी खात्री म्हणजे गर्व," असं सांगून त्यांनी तिला परत पाठवलं. त्याच हिवाळ्यात तिचा तान्हा मुलगा बाप्तिस्म्याविना गेला.

आज दुसरं लेकरू कडेवर घेऊन ती पुन्हा आली. या वेळी मान खाली घालून म्हणाली, "निवडलं असेल की नाही, याची फार धास्ती वाटते."

"म्हणजे श्रद्धाच कच्ची," थोरले पंच एल्नाथन म्हणाले. "पुढच्या वर्षी ये, बाई."

मेहिटेबलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती जागची हलली नाही.

"आणि तुम्हा सातांना देवाने निवडलंय, हे कुणी ठरवलं?"

एल्नाथनना प्रश्नाचंच नवल वाटलं.



"कुणी म्हणजे? चर्च उभारलं त्या दिवशी आम्हीच एकमेकांची परीक्षा घेतली. सातही जण खरे उतरलो."