जुन्या फोटोंचं भिंग

“भिंग निवडायचंय की जावई?” शकूताई मुलीच्या कानाशी पुटपुटल्या. मोतीबिंदू काढल्यावर बसवायला दोन भिंगं होती. साध्यातून समोर असेल ते दिसे. दुसऱ्यात घरचे जुने फोटो भरले, की आपली माणसं कायम तशीच दिसत.

“फोटोंचंच घे, आई,” मृणाल म्हणाली. “सगळे टवटवीत दिसतील.”

“तुझ्या मावशीला तरुण बघून जळत बसू?”

डॉक्टरीणबाई हसल्या. मृणालने डोक्याचा स्कार्फ घट्ट केला. शकूताईंनी चाचपडत तिचं मनगट धरलं.

“साधंच बसवा, डॉक्टर,” त्या म्हणाल्या. मग लेकीकडे वळल्या. “सहा महिने डोक्याला तेल लावू देत नाहीस. हाताची नुसती काडी झालीय. आंधळी झालेय गं मी, खुळी नाही. कॅन्सर आहे ना तुला?”