दृष्टीचा कोहळा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, कर्नाटकातल्या मंड्याच्या लॉरीतळावर पुट्टण्णानं आपली लॉरी धुतली, तिला झेंडूचा हार घातला. कुंकू भरलेला कोहळा तिच्यावरून ओवाळून रस्त्यावर फोडला. फोडले सगळ्यांनीच, पण हा एकटाच गुडघे टेकून लालभडक फोडी टोपलीत वेचू लागला.

“अहो पुट्टण्णा, शुद्धीवर आहात ना?” यंदाच तळावर आलेला शिवलिंगू ओरडला. “ओवाळून टाकलेलं कुणी हातात घेतं का? गाडीची सगळी पीडा तुमच्या अंगाला चिकटेल!”

बाकीच्या ड्रायव्हरांनी माना फिरवल्या.

“चिकटू दे,” पुट्टण्णा म्हणाला आणि पुसलेलं डांबर ओल्या पंचानं पुन्हा पुसू लागला.

गेल्या वर्षी त्यानंही कोहळा तसाच रस्त्यात सोडला होता. दुपारी त्याची लेक नेत्रा स्कूटरवरून होळिगेचा, म्हणजे पुरणपोळ्यांचा, डबा घेऊन येणार होती. लॉरीपुढच्या वळणावर कुणीतरी घसरलं, माणसं धावली, “रक्त, रक्त” असा ओरडा झाला.

 

तेव्हा लॉरीत बसल्या बसल्या पुट्टण्णाच हसून ओरडला होता, “घाबरू नका रे, रक्त कुठलं! कोहळा आहे माझा!”