वैजनाथ ते हरिहरेश्वर

सायकलवाला फरशी पुलापाशी उतरला आणि तिथंच उभा राहिला, तेव्हा सत्यशीलाच्या हातातली पाण्याची नळी तशीच वाहत राहिली.

नांदूरघाटाकडून येणारा रस्ता त्यांच्या शेतातल्या घरासमोरून जाई आणि पुढं पुलावर वळे. सायकलवाले अधूनमधून दिसत. हेल्मेट घातलेली शहरातली पोरं मांजरसुंब्याकडून येत आणि केजकडं निघून जात. पुलावर कुणी थांबत नसे. हा माणूस मात्र रस्त्याकडेच्या चारीत वाकून बराच वेळ बघत होता. मग त्यानं सायकल वळवली आणि हातात धरून थेट फाटकाशी आणली.

साठीला टेकलेला असेल. उन्हानं रापलेला, कपाळावरचे भस्माचे पट्टे घामानं ओघळलेले.

"सत्यशीलाताई तुमीच का?"

"व्हय. काय काम हाय?"

"मी महारुद्र. परळीला भांड्याचं दुकान हाय माझं. मागल्या साली या पुलावर एका सायकलवाल्या पोरीला गाडीनं उडवलतं. संस्कृती. माझी लेक."

सत्यशीलानं तोटी बंद केली. तोटी घट्ट बंद झाली तरी ती पिळतच राहिली.

"या, बसा," ती म्हणाली. काहीतरी म्हणायला हवं होतं.

अकरा महिने तिनं त्या पोरीचं काय झालं हे कुणाला विचारलं नव्हतं. "इचारलंस की गुतलीस," असं नवऱ्यानं, गहिनीनाथनं, बजावलं होतं. त्या सकाळी जीप ती स्वतः चालवत होती. मोबाइल वाजला, तिनं क्षणभर खाली बघितलं. पोरगी आपली रस्त्याच्या कडेनं नीट चालली होती. जीप त्याच आठवड्यात लांब कुठंतरी विकली गेली.

तिनं पाण्याचा तांब्या आणला. तांब्या हातात देताना तिनं धीर करून विचारलं.

"पोरगी..."

"हाय. वाचली. पायात सळई हाय, काठी घेऊन चालती."

सत्यशीला ओट्यावर बसली.

महारुद्रनं पिशवीतून एक वही काढली. लेकीनंच आखलेला रस्ता होता तो. परळीच्या वैजनाथापासून समुद्रकाठच्या हरिहरेश्वरापर्यंत. मोठे हायवे टाळून, गावागावांतून. कुठं चढ, कुठं गोड पाणी, कुठली कुत्री अंगावर येतात, सगळं विचारून विचारून लिहिलेलं. वर्षभर ती त्यावर खपली होती आणि पहिल्याच दिवशी इथं पडली.

"पोरगी म्हणली, बाबा, आता तुमी पुरा करा. मला कुठली सायकलची सवय? सायकल एसटीच्या टपावर टाकून गेलो. समुद्राला हात लावला आन तिथून उलटा निघालो. आज नववा दिवस."

"उलटा कावून?"

"इथं शेवटाला यावं म्हणून."

तो तिच्याकडं बघत होता. सत्यशीलानं पदर सारखा केला. घरात कुणी नव्हतं. गहिनीनाथ केजला गेला होता, मोबाइल आत स्वयंपाकघरात होता.

मग तो माणूस उठला आणि त्यानं तिला चक्क हात जोडले.

"ॲम्ब्युलन्सला फोन तुमी केलता. डॉक्टर म्हणले, अजून अर्धा तास गेला असता तर पोरगी हाताला लागली नसती. तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलता तुमी. कोण बसतंय आजकाल?"

तिला श्वास घेता आला. त्याला काही माहीत नव्हतं. तो आभार मानायला आला होता.

"माणुसकी हाय काका. कुणीबी केलं असतं."

"गाडी बघितलती का तुमी?"

"न्हाई. मी आले तवा निस्ती पोरगी पडलेली."

"आवाज तरी?"

"टिप्पर असंल. परळीच्या थर्मलच्या राखेचे टिप्पर लई जोरात जातेत इथून." इतक्या सहज बोलता आलं याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

महारुद्र परत खाली बसला. हँडल धरून धरून त्याच्या तळहातांना फोड आले होते. एक फुटलेला होता.

"ताई, मी पोलिसात जाणार न्हाई. कुणाचं वाटोळं करून पोरीचा पाय सरळ होत न्हाई. फक्त मला कळावं, एवढंच. नीट आठवून बघा."

त्या फुटलेल्या फोडाकडं बघताना 'मी' हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला. सांगून टाकावं, रडून मोकळं व्हावं. मग तिला गहिनीनाथचा चेहरा दिसला. पंचायत समितीचं त्याचं तिकीट यंदा नक्की होतं.

"न्हाई काका. खरंच न्हाई."

त्यानं मान हलवली. नऊ दिवसांचा शीण एकदम त्याच्या चेहऱ्यावर उतरला. वही त्यानं पिशवीत घातली आणि हरिहरेश्वराच्या प्रसादाची पुडी तिच्या हातावर ठेवली. जेवून जा, असं ती म्हणाली, आणि ते तिनं मनापासून म्हटलं. तो नको म्हणाला. अंधार पडायच्या आत अंबाजोगाई गाठायची होती.

सत्यशीला त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली. अकरा महिन्यांत पहिल्यांदा तिची छाती हलकी झाली होती.

"संस्कृतीला माझा आशीर्वाद सांगा."

"सांगतो," पायडलवर पाय ठेवत महारुद्र म्हणाला. "'मेलीच वाटती, आन कुणी बघितलं बी न्हाई,' असं तुमी नवऱ्याला फोनवर सांगत होता ना ताई, तवा ती शुद्धीवर होती."