लाटेवरचे मणी

“चार दिवस रजा काय घेतली, सगळ्यांनी मिळून घोळ घालून ठेवला,” सून पुटपुटली आणि परत आलेल्या खोक्याची चिकटपट्टी तिने टर्रकन ओढली.

शेजारच्या टेबलावर सासू बसली होती. अकरा वर्षांपासून या कारखान्यात तपासणीला. भिंगाच्या दिव्याखाली सर्किट बोर्ड धरायचा, मागची बाजू बघायची, सोल्डरचा मणी चिकटलेला दिसला की ब्रशने उडवायचा आणि बोर्ड सुनेकडे सरकवायचा. सुनेने मोजून पॅक करायचा. घरी एका ओट्यावर दोघींचं जमत नसे. इथे मात्र तासन्‌तास जमायचं, कारण बोलायला वेळ नसे.

परत आलेले बोर्ड लिफ्टचे होते. खसखशीएवढा एक मणी चिपच्या दोन पायांच्या मध्ये जाऊन बसला होता आणि एक लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये. आत सातव्या महिन्यातली एक बाई होती. दीड तास.

“आठ ते अकरा तारखेचे. सगळेच्या सगळे!” साहेबांनी एक बोर्ड टेबलावर आपटला. “एकेकावर पाच-पाच, सहा-सहा मणी. हे काय आहे?”

प्रश्न लाटेवाल्याला होता. लाटेचं मशीन तो चालवायचा, म्हणून सगळे त्याला तेच म्हणत. बोर्डाला खालून फ्लक्स, म्हणजे सोल्डर धरायचं रसायन, लागायचा, हीटरवर तो सुकायचा आणि मग बोर्ड वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून जायचा. फ्लक्स ओला राहिला की लाटेवर तडतडतो आणि मणी उडतात. एवढं तर झाडूवालीलाही पाठ होतं.

“हीटर, साहेब,” तो म्हणाला. “तीनपैकी मधला बंद आहे. वर्ष झालं. मी तीनदा लिहून दिलंय.”

“वर्ष झालं ना? मग वर्षभर एक तक्रार नाही, आणि याच चार दिवसांत बऱ्या आल्या?”

लाटेवाल्याने तोंड उघडलं. सुनेकडे पाहिलं. मिटलं.

सकाळपासून फ्लक्सचा कॅन बदलून झाला होता, पट्टा हळू करून झाला होता, लाटेची उंची कमी करून झाली होती. मणी होतेच. एवढं सगळं करूनही मशीन सुधारत नाही म्हटल्यावर साहेबांच्या हिशेबी माणूसच बिघडलेला होता.

“लक्ष नसतं त्याचं!” सासू कडाडली. “सारखं मोबाइलात डोकं. आणि नाव खराब होतं आमचं. अकरा वर्षांत माझ्या हाताखालून एक मणी सुटला नाही, विचारा कुणालाही.”

साहेबांनी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तरी पंचाईतच होती. समोरच्या टेबलावरच्या तिघींना एकाच वेळी खाली वाकून काहीतरी शोधायचं होतं.

साहेबांनी कागद पुढे सरकवला. “लिही. हीटरच्या तापमानाकडे माझं दुर्लक्ष झालं, चूक माझी. खाली सही कर. उद्यापासून यायचं नाही.”

“द्या,” लाटेवाला म्हणाला आणि त्याने पेन उचललं.

सुनेच्या डोक्यात तिडीक गेली. साहेबांचा राग आला, सासूचा आला आणि सगळ्यांत जास्त आला तो या माणसाचा. याच्या घरी दोन लेकरं, आणि हा निघाला मोठेपणा करायला! कुणी मागितला होता?

तिने त्याच्या हातातून पेन हिसकावून घेतलं.

“सही करायची नाही, भाऊ. साहेब, मशीन रोज थुंकतं. वर्षभर, रोज. हीटर जळाल्यापासून. आठ ते अकरा माझ्या पोराला ताप होता, मी घरी होते. तेवढंच बदललं. दुसरं काही नाही.”

“तुझा काय संबंध? तू पॅकिंगला ना?”

“पॅक करायच्या आधी मी बघते. एकूण एक बोर्ड. जेवायच्या सुट्टीतसुद्धा. या भाऊंना माहीत आहे, त्या तिघींना माहीत आहे.”

“तपासून आलेला बोर्ड तू परत कशाला बघतेस?”

पलीकडे मशीन तडतडत होतं.

“गप्प बस,” सासू दात आवळून म्हणाली. “घरातलं इथे काढू नकोस.”

“घरातलं नाही हे, आई. ती बाई लिफ्टमध्ये अडकली होती.”

“काही झालं नाही ना तिला!”

“नाही झालं म्हणून बरं! झालं असतं तर कुणाच्या नावावर घातलं असतं? याच्या?”

भिंगाखालचा बोर्ड सासूने घट्ट धरला होता. अंगठा सोल्डरच्या टोकांवरून पुढेमागे फिरत होता, चाचपत.

“आईंना दिसत नाही, साहेब,” सून म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. “वर्ष झालं.”

साहेबांचा हात कागदावर तसाच राहिला.

सासूने चाचपून भिंगाचा दिवा बंद केला.

“दोन वर्षं,” ती म्हणाली.