पिंपळाची पिवळी फुलं

दुबईला जायच्या आदल्या दिवशी महेंद्रनं दौंडच्या घरासमोर बोधिवृक्ष म्हणून एक रोप लावलं. त्याची आई सोजरबाई नऊ वर्षं एकटीच त्या झाडाला पाणी घालत होती, दर पौर्णिमेला बुंध्याशी मेणबत्ती लावत होती.

शेजारची करुणा कॉलेजात झाडांचंच शिकायची. एकदा फांदी वाकवून ती म्हणाली, "आजी, पान पिंपळावानी हाय खरं, पर पिंपळाला अशी पिवळी फुलं न्हाई येत. आन् ही गोल बोंडं बघा. ही रानभेंडी हाय."

"पहिलं फूल आलं तवाच कळलं मला," सोजरबाई म्हणाली. "पर महेंद्रला बोलू नगंस बाई. पिंपळ कसा हाय, येवढं इचारायलाच त्याचा फोन येतो."