एका हाताची झीज

१९७४ साली चिंचवडला कारखान्याचा पाया खणताना अश्मयुगीन वरवंटे सापडले. डॉ. हरिहरांनी दोन वर्षे त्यांची झीज भिंगाखाली तपासली. प्रत्येक दगड एकाच टोकाला झिजलेला होता. सबब तो एकाच हाताने फिरवलेला. परिषदेसाठी दगड पेटीत भरणाऱ्या तानुबाईंना त्यांनी निष्कर्ष ऐकवला, "दोन्ही हात एकत्र वापरण्याइतकी बुद्धी त्या मानवाला आलेली नव्हती."

"सायेब, तुमाला पोरं किती?"

"चार."

"आन घरात वाटण वाटताना कधी बघितलं न्हाई व्हय? बुद्धी व्हती तिला. दुसऱ्या हातात पोर व्हतं."

दुसऱ्या दिवशी परिषदेने डॉक्टरांच्या सूक्ष्म कौटुंबिक निरीक्षणाचे टाळ्यांच्या कडकडाटात स्वागत केले.